यंदाच्या दिवाळी अंकातली आवडती चित्रं निवडतोयस? मग हे बघ
मुखपृष्ठावरच अडकू नको रे, ते अंक खपवायला असतंय, खरी मजा आतल्या रेखाटनांत. आधी कथा वाच, मगच चित्र बघ, कथेत लिहिलेलंच परत काढलं असंल तर सोड, पण न लिहिलेलं काहीतरी पकडलं असंल तर नाव टिपून ठेव की, कोपऱ्यात सही असते नाहीतर अनुक्रमणिकेजवळ ‘सजावट’ म्हणून बारीक अक्षरात. सगळे अंक विकत कशाला, बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे. चित्रकार दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’चे (१९४५ पासूनचा) जुने अंक मिळाले तर सोडू नको, माणूस गोव्याचा, म्हणजे घाट उतरला की आपला शेजारीच! आणि मोबाईलवर बघून यादी करू नको, बारीक रेषा पार पुसट दिसतात.