समुद्राकाठच्या पाणथळ जागेत सार्वजनिक गोल्फ मैदान असणे योग्य आहे का?

नवी मुंबईत सीवूड्सच्या पाणथळीवर गोल्फ मैदान करण्यावरून झालेला वाद वाचून आपण विचारले आहे की, परदेशात अशा जागी सरकारी गोल्फ मैदाने सुखेनैव चालतात, मग आपल्याकडेच विरोध का होतो. मी कॅलिफोर्नियात राहतो आणि पॅसिफिका गावातील शार्प पार्क मैदानावर खेळतो, म्हणून त्याच्याच आधारे उत्तर देतो.

हे मैदान सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचे असून शुल्क भरून तेथे कोणालाही खेळता येते. ऑगस्टा नॅशनल या अमेरिकेतील नामांकित गोल्फ मैदानाच्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांनी ते आखले आणि 1932 साली ते खुले झाले. त्यांच्या हातचे मैदान सामान्य माणसाच्या वाट्याला क्वचितच येते, त्यामुळे शार्प पार्क टिकावे असे मला मनापासून वाटते. मात्र ते लगुना सलाडा नावाच्या खाजणाभोवती भराव घालून उभे राहिले आहे. सुरुवातीच्या वर्षांतच वादळी लाटांनी समुद्रालगतच्या भागाची नासधूस केली, तेव्हा काही होल, म्हणजे खेळाचे एकेक टप्पे, महामार्गापलीकडे हलवले गेले आणि पुढे किनाऱ्याच्या बाजूने बांध घालण्यात आला. बांधाने समुद्र अडला, पण पावसाचे पाणीही आतच तुंबू लागले, आणि ते पंपाने उपसून समुद्रात सोडले नाही तर सखल भागातील फेअरवे, म्हणजे खेळाचे कापलेल्या गवताचे पट्टे, बुडतात.

खरी अडचण या उपशात आहे. लाल पायांचा कॅलिफोर्नियन बेडूक हिवाळी पावसात, म्हणजे नेमका पंपाची गरज पडते त्याच दिवसांत, अंडी घालतो. पाण्यात उभ्या गवताच्या देठांना, अगदी पृष्ठभागालगत, त्याच्या अंड्यांचा बुळबुळीत पुंजका चिकटलेला असतो आणि पाण्याची पातळी वीतभर उतरली तरी तो उघडा पडून सुकतो. सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप याच बेडकांवर जगतो, आणि या दोन्ही जीवांना कायद्याचे संरक्षण आहे. त्यावरून 2011 साली शहराविरुद्ध दावा दाखल झाला. 2012 मध्ये केंद्रीय वन्यजीव विभागाने अटी घालून मैदान चालू ठेवण्यास मुभा दिली. माझ्या मते अंडी फुटेपर्यंत पाणी उतरू देऊ नये आणि तेवढे दिवस बुडालेले होल आम्ही खेळणाऱ्यांनी बिनतक्रार सोडून द्यावेत.

सीवूड्सला मात्र हा दाखला लागू होत नाही. शार्प पार्क झाले तेव्हा अमेरिकेत संकटग्रस्त प्रजातींचा आजचा कायदाच नव्हता. तो 1973 साली आला. याउलट सीवूड्समध्ये, भरतीने ठाणे खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो जेथे येऊन थांबतात ती जागा, तिचे महत्त्व पुरते ठाऊक असताना नव्याने भरायची होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली तेथील गोल्फ मैदानाचा निर्णय रद्द केला, तो मला सर्वस्वी योग्य वाटतो.