जुन्या हॉलिवूडमधली एकच अभिनेत्री पाहायची, तर कुठली?

प्रश्न: जुन्या कृष्णधवल हॉलिवूड सिनेमांतला अभिनय मला फार नाटकी वाटतो, अर्ध्या तासात बंद करावासा वाटतो. तरीही एखाद्या एकाच अभिनेत्रीचे सिनेमे ओळीने पाहायचे ठरवले, तर कोणाचे पाहावेत? सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

बार्बरा स्टॅनविक. विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही.

तुमचा नाटकीपणाचा आक्षेप चुकीचा नाही. १९३० च्या सुमारास बोलपट नवे होते, बरेच नट रंगभूमीवरून आलेले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय त्यांच्या हाडीमासी भिनलेली. स्टॅनविकही न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरूनच आली, पण तिच्यात ते जाणवत नाही. याचं कारण तिच्या कामाच्या पद्धतीत आहे, म्हणून आधी तेच सांगते.

१९३० साली दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा कोलंबिया स्टुडिओसाठी 'लेडीज ऑफ लेझर' करत होता. तिचे आधीचे बोलपट पडले होते. ती कॅप्राला भेटायला गेली ती 'इथेही नकारच मिळणार' हे मनाशी धरूनच, आणि भेट बिनसली. मग तिचा नवरा, नट फ्रँक फे, याने कॅप्राला गळ घातली की हिची एक जुनी स्क्रीन टेस्ट आहे, तेवढी पाहा. जेमतेम तीन मिनिटांची ती फीत पाहून कॅप्राने तिला घेतलं. शूटिंग सुरू झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही मुलगी पहिल्या टेकला जीव ओतते. तोच प्रसंग पुन्हा केला की धार कमी होते, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला नुसते शब्द उरतात. हॉलिवूडमध्ये तेव्हा टेकवर टेक घेण्याची रीत होती. कॅप्राने तिच्यासाठी ती रीत बदलली. तालमी तिच्याशिवाय घ्यायच्या. बाकीचे नट, दिवे, कॅमेऱ्याच्या जागा सगळं पक्कं झालं की तिला सेटवर बोलवायचं, आणि एकापेक्षा जास्त कॅमेरे लावून तो पहिलाच टेक पकडायचा.

यासाठी ती घरून किती तयारीने येत असेल बघा. स्वतःचेच नव्हे, समोरच्यांचेही संवाद तिला पाठ असायचे. त्यामुळे पडद्यावर ती समोरच्याचं खरंच ऐकताना दिसते. तिचे सिनेमे पाहताना एवढी एकच गोष्ट करा: दुसरं कोणी बोलत असेल तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघा.

तिचं खरं नाव रूबी स्टीव्हन्स. जन्म १६ जुलै १९०७, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. पाच भावंडांत सगळ्यात धाकटी. चार वर्षांची असताना एका दारुड्याच्या धक्क्याने आई चालत्या ट्राममधून पडली आणि गेली. वडील थोड्याच दिवसांत पनामा कालव्याच्या कामावर निघून गेले, ते पुन्हा दिसलेच नाहीत. पोर कधी मोठ्या बहिणीकडे, कधी परक्यांच्या घरात वाढली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, दुकानात पुडकी बांधायचं काम केलं, पंधरा-सोळाव्या वर्षी नाइट क्लबात नाचायला लागली. १९२६ मध्ये 'द नूझ' या नाटकाने तिला नाव मिळालं, दोन्ही अर्थांनी. बार्बरा स्टॅनविक हे नाव तेव्हाचंच. आपल्या लहानपणाबद्दल ती फारसं बोलत नसे, त्यामुळे मीही ते फार उगाळत नाही. पण पोटासाठी काम करणाऱ्या बाईची भूमिका आली की ती उभी कशी राहते, पैशाला हात कसा लावते, ते बघा. ते कुणी शिकवलेलं नाही.

आता कुठून सुरुवात करायची. 'द लेडी ईव्ह' (१९४१) पासून. प्रेस्टन स्टर्जेसचा विनोदी सिनेमा. त्याआधी स्टर्जेसने तिच्यासाठी एक गंभीर पटकथा लिहिली होती. तेव्हाच त्याने तिला शब्द दिला होता की तुझ्यासाठी एक धमाल विनोदी सिनेमा लिहीन, आणि तो त्याने पाळला. यात ती जहाजावर पत्त्यांत लोकांना लुबाडणारी जीन आहे, आणि हेन्री फोंडा हा सापांचा अभ्यास करणारा, दारूच्या कारखानदाराचा भोळा मुलगा. जहाजाच्या जेवणघरात तो एकटा पुस्तक वाचत बसलाय. आजूबाजूच्या सगळ्या मुलींचा त्याच्यावर डोळा. जीन त्याच्याकडे पाठ करून बसलीय, हातात पावडरच्या डबीचा छोटा आरसा, आणि त्यात बघत ती एकेका मुलीच्या खटपटीचं धावतं वर्णन करते: ही आता रुमाल पाडणार, ती आता ओळख काढणार. आपण तिच्याच आरशात बघत असतो. शेवटी तो उठून तिच्या टेबलाजवळून जायला लागतो, ती शांतपणे पाय पुढे काढते, तो सपशेल आपटतो, आणि वर 'माझ्या बुटाची टाच तुम्ही तोडलीत' म्हणून तीच त्याला दटावते! हे बघताना १९४१ साल आठवतसुद्धा नाही. पुढे केबिनमध्ये ती त्याचा गाल गालाशी घेऊन केसांतून बोटं फिरवत बोलत राहते, तो प्रसंग तीन मिनिटांहून जास्त वेळ न तोडता चालतो. पहिल्या टेकवाली बाई म्हणजे काय, ते तिथे कळेल.

यात तिचे कपडेही बघा. तोवर तिला साधेच कपडे दिले जात, कारण तिची कंबर लांब आणि खाली उतरलेली. वेशभूषाकार ईडिथ हेडने पट्ट्याची रुंदी आणि जागा बदलून ते झाकलं, आणि त्यानंतर स्टॅनविकने तिला सोडलं नाही.

दुसरा 'स्टेला डॅलस' (१९३७), किंग व्हिडॉरचा. हा मात्र घाईत पाहू नका. गिरणीगावातली स्टेला श्रीमंताघरी लग्न करते, पण तिचं भडक नटणं, मोठ्याने हसणं त्या लोकांत बसत नाही. नवरा दुरावतो, मुलगी आईजवळ वाढते. मी हा सिनेमा आईबरोबर पाहिला. आईला त्यांचं इंग्रजी फारसं उलगडत नव्हतं. ती गवार निवडत अधूनमधून बघत होती. आगगाडीचा प्रसंग आला. रात्रीचा डबा, पडदे ओढलेले, आणि पलीकडे मुली त्या 'हॉटेलातल्या विचित्र बाई'ची, म्हणजे स्टेलाचीच, टिंगल करतायत. स्टेलानेही ऐकलं, मुलीनेही ऐकलं. आपल्या आईच्या कानावर हे गेलं की काय, म्हणून मुलगी तिच्या बर्थवर येते. स्टेला डोळे मिटून झोपल्याचं सोंग करते, मुलीला लाज वाटू नये म्हणून. मुलगी तिला बिलगून पडते. संवाद जवळजवळ नाहीतच. माझ्या आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. 'तिला सगळं कळलंय,' एवढंच ती म्हणाली.

आणि शेवट. मुलीचं लग्न मोठ्या घरात चाललंय, मुलीच्या भल्यासाठी तिच्यापासून दूर झालेली स्टेला बाहेर पावसात, कुंपणाच्या गजांना धरून खिडकीतून बघतेय. पोलीस सगळ्यांना हटवतोय, आणि ती विनवतेय की एवढं बघू दे. दातात रुमाल धरलाय. मग ती वळते आणि कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येते, पाऊल दर पावलाला हलकं होत जातं, चेहऱ्यावर हसू. आई म्हणून तिने जे केलं ते बरोबर होतं का, यावर आजही लोक भांडतात. मला स्वतःला ती कथा खटकते. मुलीच्या भल्यासाठी आईने नाहीसं व्हावं हे मला पटत नाही. पण त्या चालण्यात स्टॅनविक दुःखाबरोबर एक विजयही दाखवते, आणि तो मी नाकारू शकत नाही. या भूमिकेसाठी निर्माता सॅम्युएल गोल्डविन तिला घ्यायला तयार नव्हता. नाव झालेलं असूनही तिला स्क्रीन टेस्ट द्यावी लागली. ऑस्करचं पहिलं नामांकन तिला याच सिनेमाने मिळवून दिलं.

तिसरा 'डबल इंडेम्निटी' (१९४४). विमा एजंटाला हाताशी धरून नवऱ्याचा काटा काढणारी फिलिस. दिग्दर्शक बिली वाइल्डरने पटकथा दिली तेव्हा ती घाबरली होती. इतकी थंड खुनी बाई तिने कधी केली नव्हती. वाइल्डरने तिला विचारलं, तू उंदीर आहेस की अभिनेत्री? अभिनेत्री असावी, असं ती म्हणाली. मग कर, तो म्हणाला. तिच्या डोक्यावरचा तो सोनेरी केसांचा टोप मुद्दाम खोटा वाटेलसा आहे. तो पाहून पॅरामाउंट स्टुडिओतल्या एका बड्या साहेबाने, चित्रांतल्या पांढऱ्या केसांच्या वॉशिंग्टनची आठवण होऊन, वैतागून म्हटलं होतं की आम्ही स्टॅनविकला घेतलं आणि मिळाला जॉर्ज वॉशिंग्टन! मोटारीत नवऱ्याचा गळा आवळला जातो तेव्हा वाइल्डर खून दाखवतच नाही. कॅमेरा फक्त गाडी चालवणाऱ्या फिलिसच्या चेहऱ्यावर. ती रस्त्याकडे बघतेय. भुवईसुद्धा हलत नाही, पण डोळ्यांत एक समाधान हळूहळू पसरत जातं. अशा वेळी डोळे विस्फारणं, ओठ चावणं हे सोपं होतं. तुम्हाला ज्या नाटकीपणाचा कंटाळा येतो, त्याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे हा चेहरा.

१९४४ साली अमेरिकेत सगळ्यात जास्त कमाई असलेली स्त्री ती होती. आणि हे तिने कुठल्याही एका स्टुडिओची कायमची बांधील न होता मिळवलं. त्या काळी मोठमोठ्या नट्या सात-सात वर्षांच्या करारात अडकलेल्या असत; स्टुडिओ देईल तो सिनेमा करायचा, नाही म्हटलं तर पगार बंद. तिला आपले सिनेमे बऱ्याच अंशी स्वतः निवडता आले. अर्थात पाठीशी एक स्टुडिओ नसल्यामुळे ऑस्करच्या वेळी तिच्यासाठी जोर लावणारंही कोणी नव्हतं, असं मला वाटतं. चार नामांकनं, चारही वेळा हात रिकामे. 'स्टेला डॅलस' आणि 'डबल इंडेम्निटी'खेरीज 'बॉल ऑफ फायर' (१९४१) आणि 'सॉरी, राँग नंबर' (१९४८).

विल्यम होल्डनची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र मला पुढे जाता येत नाही. १९३९ मध्ये 'गोल्डन बॉय'च्या वेळी तो एकवीस वर्षांचा, अगदी नवखा. सुरुवातीचं काम पाहून स्टुडिओ त्याला काढायला निघाला होता. ती सिनेमाची मोठी तारका. ती मध्ये पडली, याला संधी द्या म्हणाली, आणि दिवसाचं शूटिंग संपल्यावर त्याच्याबरोबर बसून दुसऱ्या दिवशीचे प्रसंग घोटून घ्यायची. होल्डन पुढे मोठा झाला, पण विसरला नाही. दरवर्षी त्या शूटिंगच्या वाढदिवशी तिला फुलं पाठवायचा. १९७८ च्या ऑस्कर सोहळ्यात दोघं ध्वनीचं पारितोषिक द्यायला मंचावर आले. लिहून दिलेलं बाजूला ठेवून होल्डनने सगळ्यांसमोर सांगितलं की एकोणचाळीस वर्षांपूर्वी माझं करिअर या बाईने वाचवलं. तिला काहीच कल्पना नव्हती. तिचा चेहरा बघा, ती चित्रफीत सहज सापडते. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये होल्डन वारला. १९८२ च्या मार्चमध्ये तिला अखेर मानद ऑस्कर मिळालं. ते हातात घेऊन ती बोलली ती त्याच्याबद्दल: मला हे मिळावं अशी त्याची फार इच्छा होती, माझ्या गोल्डन बॉय, आज तुझी इच्छा पूर्ण झाली.

नव्या माणसाला सांभाळून घ्यायचा तिचा हा स्वभावच होता. 'क्लॅश बाय नाइट' (१९५२) मध्ये तरुण मर्लिन मन्रो पुन्हा पुन्हा संवाद विसरायची, टेक वाया जायचे. जिची सगळी ताकद पहिल्या टेकात, ती स्टॅनविक एकदाही चिडली नाही. याची किंमत तिला किती पडली असेल, ते वरचं वाचून तुमच्या ध्यानात येईल.

पन्नाशीजवळ आल्यावर तिला भूमिका कमी मिळू लागल्या. तेव्हा तिने वेस्टर्न सिनेमांत पाय रोवले. ते तिला मनापासून आवडायचे. 'फॉर्टी गन्स' (१९५७) मध्ये रिकिबीत पाय अडकून घोड्यामागे फरफटत जाण्याचा प्रसंग तिने डमी न वापरता स्वतः केला. मग टीव्ही: 'द बिग व्हॅली'त चार वर्षं, आणि १९८३ मध्ये 'द थॉर्न बर्ड्स'साठी टीव्हीचं एमी पारितोषिक, तिचं तिसरं. २० जानेवारी १९९० ला ती गेली. अंत्यविधीचा सोहळा नको असं तिने सांगून ठेवलं होतं. अस्थी कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनला विखुरल्या, जिथे कित्येक वेस्टर्न सिनेमांचं शूटिंग झालं होतं.

हे तीन पाहून झाले आणि आवडले तर चौथा 'बेबी फेस' (१९३३) घ्या. बापाच्या दारूच्या गुत्त्यातून बाहेर पडलेली लिली न्यूयॉर्कच्या एका बँकेत शिरते आणि पुरुषांना वापरत एकेक मजला वर चढत जाते. प्रत्येक वेळी कॅमेरा इमारतीच्या बाहेरून एक मजला वर सरकतो. सेन्सॉरने याला कात्री लावली होती. लिलीला एक म्हातारा चांभार जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे वाचून दाखवतो आणि 'पुरुषांना वापर, त्यांना तुला वापरू देऊ नकोस' असं सांगतो. कापलेल्या प्रतीत त्याच्याच तोंडी सदाचाराचा उपदेश घातला. मूळ प्रत २००४ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडली. म्हणून पाहण्याआधी लांबी तपासा: ७१ मिनिटांची असेल तर ती कापलेली, ७६ मिनिटांची असेल तर पूर्ण. पूर्णच पाहा.