सांध्यांची सूज उतरली की मन सावरेल का?

देवगडजवळच्या वाडीतून आलेल्या एका काकींचा हा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळखीचे तपशील बदलून लिहीत आहे. आमवाताने त्यांची बोटे सुजलेली असत आणि सकाळी तासभर मूठ वळत नसे. यंदा मात्र आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस आले तरी त्या खळ्याकडे फिरकल्या नाहीत, झोप उडाली, जेवणावरची वासना गेली आणि घरात ‘सोंग’ हा शब्द ऐकू येऊ लागला. “आंग दुखता म्हणान मन दुखता, की मन दुखता म्हणान आंग, ताच माका कळणा नाय,” असे त्या म्हणाल्या.

नैराश्य म्हणजे शरीरातला दाहच (इन्फ्लमेशन, आमवातात सांधे सुजवणारी प्रक्रिया), असा मजकूर मुंबईच्या पुतण्याने फोनवर पाठवला, तेव्हा काकींनी मनोविकारतज्ज्ञांची गोळी बंद करून मेडिकलमधली वेदनाशामक रोज दोनदा सुरू केली. असे करावे का, हे मला अलीकडे बरेच जण विचारतात.

मजकूर अगदीच खोटा नव्हता. तापात आपण पांघरूण ओढून पडतो, कोणी बोलूही नये असे वाटते, कारण दाहात वाढणाऱ्या सायटोकाइन या प्रथिनांचे संदेश मेंदूपर्यंत पोचतात. ताप चार दिवसांत उतरतो, आमवातातला दाह मात्र महिनोन्‌महिने राहू शकतो. हेपॅटायटिस सीसाठी पूर्वी इंटरफेरॉन हे अशाच जातीचे प्रथिन टोचत, तेव्हा कित्येक रुग्णांना उपचार चालू असतानाच नैराश्य आले. परंतु २०१३ साली अमेरिकेत, नेहमीच्या औषधांनी गुण न आलेल्या ६० नैराश्यग्रस्तांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहशामक औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत एकूण गटाला लाभ दिसला नाही. ज्यांच्या रक्तात सीआरपी (दाह असला की वाढणारे एक प्रथिन) लिटरला ५ मिलिग्रॅमहून अधिक होते, त्यांनाच तो होत असावा असे दिसले.

काकींचे सीआरपी वाढलेले होते, तरीही त्यांचा उपाय चुकीचाच होता. साधी वेदनाशामक दुखणे दाबते, आमवाताला आवर घालत नाही, आणि नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांसोबत ती घेतल्यास पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून मी त्यांना मनोविकारतज्ज्ञ आणि आमवाताचे डॉक्टर या दोघांकडे परत पाठवले आणि आमच्या भेटीही चालू ठेवल्या.

पुढच्या खेपेस यजमान सोबत आले. रक्ताचा अहवाल त्यांना समजावून सांगितला, आणि खरे सांगायचे तर, ‘सोंग’ हा शब्द घरातून घालवायला माझ्या बोलण्यापेक्षा तो कागदच अधिक उपयोगी पडला. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, “दुपारनंतर तिचे हात जरा सैल होतात, पेट्यांचे काम तेव्हा ठेवू का?”