वाचक विचारतात : क्यूबच्या रजिस्टरवरची सही

प्रश्न : मी इमारतीच्या साइटवर कनिष्ठ अभियंता आहे. तिसऱ्या स्लॅबचे क्यूब (ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे भरतात ते ठोकळे) भरायचे राहून गेले. बिल अडकलंय. साहेब म्हणतात, ‘आकडे टाक आणि सही कर, सगळेच करतात.’ नोकरीला वर्षही झालेलं नाही. नाही कसं म्हणू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सही करू नका. पण ‘मला पटत नाही’ एवढ्यावर तुमचा निभाव लागणार नाही. साहेबांची अडचण बिलाची आहे, तेव्हा बिल सुटण्याचा खरा रस्ता हातात घेऊनच त्यांच्याकडे जा.

तो आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकातच आहे. काँक्रीटच्या ग्रेडबद्दल, म्हणजे ठरलेल्या ताकदीबद्दल, शंका असेल तर कोअर (घट्ट झालेल्या काँक्रीटमधून कापलेला गोल तुकडा) काढून तपासता येतं. कमीत कमी तीन कोअर घ्यायचे. क्यूबच्या हिशेबात आणलेली त्यांची सरासरी ताकद ग्रेडच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. एम २५ ला (ठरलेली ताकद २५) म्हणजे सरासरी २१.२५ आणि किमान १८.७५ न्यूटन प्रति चौ. मिमी. जागा स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून ठरवून घ्या, आधी सळया कुठे आहेत ते लोकेटरने बघा, नाहीतर कोअरबरोबर सळईही कापली जाते.

साहेबांशी एकटे असताना बोला. ‘साहेब, क्यूब नाहीत. कोअरचा रिपोर्ट लावून बिल टाकू.’ त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल करा : क्यूब भरले गेले नव्हते, कोअर चाचणी सुचवली आहे. कोणावर आरोप नको. तरीही आग्रह झाला तर लेखी आदेश मागा. बहुतेकदा विषय तिथेच थांबतो. नाही थांबला तर कंपनीच्या क्वालिटी विभागाला कळवा. नोकरीवर गदा येऊ शकते, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे अर्ज आजच टाकून ठेवा.

बनावट आकडे ओळखूही येतात. १५० मिमीच्या क्यूबला २५ ची ताकद म्हणजे ५६२.५ किलोन्यूटन भार. खरे तीन क्यूब ६४०, ६७५, ६१० असे मागेपुढे फुटतात. बसून भरलेलं रजिस्टर ६४०, ६४२, ६४१ असं चालतं, पानभर एकाच पेनने, आणि चाचणीचा अठ्ठाविसावा दिवस लॅबच्या सुट्टीचा असला तरी तारीख तीच. त्या पानावर सही तुमची असते, साहेबांची नसते.

पुढच्या स्लॅबला ही वेळ येऊ नये म्हणून ओतकाम चालू असतानाच क्यूब भरा : ५ सेंमीचे तीन थर, दर थराला ३५ ठोके, आणि नोंद तिथेच उभ्या उभ्या. ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. चाचणी ३४व्या दिवशी झाली तर ३४ च लिहा. तत्त्वं ऐन वेळी आठवत नाहीत, हाताला जी सवय असते तीच कामी येते.

प्रश्न : पंप अडतो म्हणून मिस्त्री मिक्सरच्या गाडीत पाणी सोडतो. एवढ्यासाठी वाद घालावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घालावा. ६ घनमीटरच्या गाडीत घनमीटरला ३४० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंटचं ०.५ प्रमाण धरलं, तर पाणी १,०२० लिटर असतं. त्यात १०० लिटर सोडलं की प्रमाण ०.५५ होतं आणि ताकद घसरते. स्लम्प (ओलं काँक्रीट किती ढिलं आहे ते) मोजा. कमी भरला तर प्लांटच्या माणसाला सांगून त्यांच्याकडूनच ॲडमिक्स्चर (पाणी न वाढवता काँक्रीट ढिलं करणारं रसायन) घालून घ्या. मिस्त्रीचा हेतू वाईट नसतो, त्याला काम उरकायचं असतं. त्याला १०० लिटरचा हा हिशेब एकदा गाडीपाशीच करून दाखवा.