वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे धूसर झालेले हेडलाइट

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत, म्हणून हे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. रात्री रस्ता नीट न दिसणे ही गाडीच्या देखणेपणाची बाब नसून जिवाशी संबंधित बाब आहे, हे मनात ठेवूनच पुढील उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : आमची गाडी जुनी असली तरी इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन सारे उत्तम आहे. मात्र दोन्ही हेडलाइटच्या काचा पिवळसर, दुधाळ झाल्या आहेत आणि त्यातही एक बाजू अधिक खराब आहे. शांपूने धुऊनही फरक पडत नाही. हे कशामुळे होते, आणि घरी दुरुस्त करता येईल का?

उत्तर : बहुतेक वेळा घरी दुरुस्त करता येते, मात्र हातात वॉटर पेपर (पाण्याने ओला करून घासायचा सँडपेपर) घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे समजून घ्यावे. आपण ज्याला काच म्हणतो ते आवरण आजच्या गाड्यांत पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते. अमेरिकेने १९८३ मध्ये, केवळ बल्ब बदलता येईल अशा दिव्यांना परवानगी दिली आणि पुढच्या काही वर्षांत काचेची जागा या प्लॅस्टिकने घेतली. ते हलके असते, दगड लागला तरी सहसा फुटत नाही आणि हव्या त्या आकारात ओतता येते. त्याचे दोन दोष मात्र जन्मजात आहेत : त्याचा पृष्ठभाग मऊ असल्यामुळे लवकर ओरखडे पडतात, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कठीण पारदर्शक लेप दिलेला असतो, जो ओरखडे आणि अतिनील किरण दोन्ही रोखतो. काही वर्षांच्या उन्हाने, धुळीने आणि पुसण्याने हा लेप झिजतो, त्याला बारीक तडे जातात, कधी त्याचे पापुद्रे सुटतात. आणि मग उघडे पडलेले प्लॅस्टिक झपाट्याने खराब होते. आपली एक बाजू अधिक खराब आहे याचे कारण बहुधा एवढेच की गाडी उभी करण्याच्या जागी ती बाजू उन्हाकडे असते. नीट पाहिल्यास आवरणाचा वरचा, आकाशाकडे कललेला भाग सर्वांत पिवळा आणि बॉनेटच्या सावलीतला किंवा खालच्या कडेचा भाग बराच स्वच्छ आढळेल.

आता एक सोपी परीक्षा करावी. आवरण धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि नंतर त्यावर थोडे स्वच्छ पाणी शिंपडावे. ओले असेपर्यंत दुधाळपणा बराच कमी झाला तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, कारण पाणी तेथील सूक्ष्म खाचा तात्पुरत्या भरून काढते. पाण्याने काहीच बदलले नाही तर दोष आतल्या बाजूस किंवा प्लॅस्टिकच्या खोलात असू शकतो, आणि त्यावर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग होत नाही. प्लॅस्टिकच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत असतील तर त्याही जात नाहीत. आपली गाडी फार जुनी असून आवरण खरोखरच काचेचे असेल, तर ते पिवळे पडत नाही आणि त्यावर वॉटर पेपर मुळीच चालवू नये.

दोष बाहेरचा असेल तर काम असे करावे. गाडी सावलीत उभी करून आवरण आणि सभोवतालचा भाग साबणाने धुवावा. बॉनेट, बंपर आणि फेंडरच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. हात एकदा जरी घसरला तरी रंगावर कायमचा ओरखडा उठतो, म्हणून येथे घाई करू नये. साधारण ६०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करावी (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक). लेपाचे पापुद्रे सुटलेले असतील तर ४०० नंबर लागू शकतो. कागद आणि आवरण दोन्ही सतत ओले ठेवावे, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि सरळ आडव्या दिशेने हलक्या, सारख्या दाबाने घासावे. आरंभी जे पाणी ओघळते ते पिवळसर असते. तो जुन्या लेपाचा आणि जळालेल्या थराचा चोथा असतो. पाणी पांढरे येऊ लागले म्हणजे चांगल्या प्लॅस्टिकपर्यंत पोहोचलो असे समजावे. या टप्प्यावर आवरण पूर्वीपेक्षाही अपारदर्शक दिसते आणि पुष्कळ जण घाबरून काम थांबवतात. तसे करू नये. कोरडे पुसून बाजूने पाहावे : जेथे चमकणारे ठिपके किंवा बेटे दिसतील तेथे जुना लेप अजून शिल्लक आहे, आणि तो राहिला तर शेवटी तेथे डाग दिसतील.

पुढचा १००० नंबरचा कागद उभ्या दिशेने चालवावा, म्हणजे आधीच्या आडव्या रेषा गेल्या की नाहीत हे डोळ्यांना लगेच कळते. त्यानंतर १५००, २००० आणि शक्य असल्यास ३००० नंबर, प्रत्येक वेळी दिशा बदलून. दोन कागदांच्या मध्ये आवरण आणि बादलीतले पाणी दोन्ही स्वच्छ करावे, कारण आधीच्या कागदाचा एक जाड कण राहिला तरी तो पुढचे सारे श्रम वाया घालवतो. सर्वाधिक वेळ पहिल्या कागदाला द्यावा. जो दोष तेथे राहतो तो पुढचे बारीक कागद काढू शकत नाहीत, ते केवळ त्याला चमकवतात. शेवटी प्लॅस्टिकसाठीच्या पॉलिशिंग कंपाउंडने बफिंग करावे, म्हणजे मऊ पॅडने घासून चमक आणावी. मशीन वापरत असल्यास वेग कमी ठेवावा आणि एका जागी थांबू नये, कारण घर्षणाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ होऊन त्यावर लाटा उमटतात.

येथे बहुतेक जण काम संपले असे मानतात. माझ्या मते खरे काम येथून सुरू होते, कारण आपण नुकताच कारखान्याने दिलेला संरक्षक लेप उरलासुरला काढून टाकला आहे आणि प्लॅस्टिक आता पूर्णपणे उघडे आहे. त्यावर अतिनील किरण रोखणारा नवा लेप दिलाच पाहिजे. कापडाने पुसून लावायचे लेप मिळतात, ते सोपे असले तरी तुलनेने कमी टिकतात. हार्डनर मिसळून फवारायचा दोन घटकांचा क्लिअर कोट अधिक काळ टिकतो. तिसरा पर्याय पारदर्शक संरक्षक फिल्मचा. फवारायच्या लेपाला धरून राहण्यासाठी किंचित खरखरीत पृष्ठभाग लागतो, म्हणून तो द्यायचा असेल तर बफिंग करू नये आणि शेवटचा कागद कोणत्या नंबरचा असावा हे डब्यावरील सूचनेप्रमाणे ठरवावे. उरलेल्या बारीक रेषा लेपच भरून काढतो. लेपापूर्वी आवरण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि नंतर बोट लावू नये. दोन घटकांच्या लेपाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, जे फुप्फुसांना गंभीर इजा करू शकते. साधा कापडी मास्क त्यापासून वाचवत नाही. योग्य रेस्पिरेटर आणि मोकळी हवा नसेल तर एवढे एक काम पेंटरकडून करून घेणे शहाणपणाचे आहे.

प्रश्न : टूथपेस्टने किंवा डास पळवणाऱ्या स्प्रेने हेडलाइट क्षणात स्वच्छ होतात असे दाखवणारे व्हिडिओ पाहिले. हा उपाय करावा का?

उत्तर : टूथपेस्टमध्ये सौम्य घासणारे कण असतात, त्यामुळे वरवरचा थर थोडा निघतो आणि चमक येते. नुकसान फारसे नाही, पण संरक्षणही नाही, आणि पिवळेपणा लवकरच परततो. डासांच्या स्प्रेचे तसे नाही. त्यातील डीट हे द्रव्य कित्येक प्लॅस्टिकना विरघळवते. ते आवरणाचा पृष्ठभाग मऊ करते, त्यामुळे खाचा बुजून क्षणभर काच स्वच्छ वाटते आणि नंतर तीच जागा चिकट व धूसर होते. ओघळ बंपरवर गेला तर रंगही खराब होतो. अॅसिटोन किंवा थिनर तर आवरणाला हात लावूच देऊ नका. त्याने पॉलिकार्बोनेटला भेगा पडतात.

प्रश्न : एका सेंटरमध्ये गरम कपातून वाफ सोडून हेडलाइट काचेसारखे करून दिले, पण काही महिन्यांतच ते पुन्हा पिवळे झाले. पुन्हा तेच करावे का?

उत्तर : करू नये. त्या कपात पाणी नसते, क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारखे द्रावक असते. त्याची वाफ प्लॅस्टिकचा वरचा थर वितळवून गुळगुळीत करते, म्हणून चमक विलक्षण येते. परंतु अतिनील किरण रोखणारे त्यात काहीच नसते, काही आवरणांना नंतर बारीक भेगा पडतात, आणि ही वाफ श्वासात जाणे करणाऱ्याला आणि शेजारी उभे असणाऱ्याला घातक आहे. आपण वर सांगितल्याप्रमाणे घासून घ्यावे आणि लेप कोणता दिला जाणार आहे हे आधी विचारून घ्यावे. नुसते वॅक्स लावणार असतील तर ते काही आठवडेच टिकते.

प्रश्न : काचा घासण्याची कटकट करण्यापेक्षा जास्त वॅटचे बल्ब किंवा एलईडी बसवले तर प्रश्न सुटणार नाही का? माझ्या गाडीत एच-४ हॅलोजन बल्ब आहेत.

उत्तर : सुटणार नाही, उलट बिघडेल. धूसर आवरण प्रकाश अडवते तेवढेच करत नाही, ते प्रकाश इतस्ततः विखुरते. जितका तीव्र बल्ब तितका विखुरलेला प्रकाश अधिक, आणि तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून आधी आवरण, मग बल्ब, हा क्रम बदलू नये.

एच-४ बल्बमध्ये अप्परसाठी (दूरचा प्रकाश) ६० आणि डिपरसाठी (खाली झुकलेला जवळचा प्रकाश) ५५ वॅटच्या दोन फिलामेंट असतात, आणि डिपरच्या फिलामेंटखाली धातूची लहान वाटी असते. रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या वाटीचा, प्रत्येक वळसा त्या फिलामेंटची जागा गृहीत धरून घडवलेला असतो; म्हणूनच डिपरचा प्रकाश एका रेषेच्या खाली राहतो. एलईडी बल्बमध्ये प्रकाश दोन सपाट बाजूंवरून निघतो, त्याची जागा आणि आकार फिलामेंटशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि पुष्कळसा प्रकाश रेषेच्या वर जातो. चालकाला गाडीपुढचा जवळचा पट्टा लख्ख दिसतो आणि समाधान वाटते. दूरचा भाग, जेथे खरी गरज असते, तो मात्र पूर्वीपेक्षा अंधारा वाटू शकतो, कारण जवळच्या झगझगाटाला डोळा सरावतो. अनेक देशांत हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या दिव्यात मान्यता नसलेले एलईडी घालणे बेकायदाही आहे. १०० वॅटचे बल्ब घातल्यास होल्डर वितळणे, रिफ्लेक्टर करपणे आणि वायर तापणे हे धोके आहेत.

त्याऐवजी एक तपासणी करावी, जी जुन्या गाडीत फार मोलाची ठरते. इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचा आणि बल्बच्या होल्डरवरचा व्होल्टेज मोजावा. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२.६ व्होल्ट मिळत असतील तर दहा टक्के घटीमुळे सुमारे तीस टक्के प्रकाश वाटेतच हरवतो. अर्थिंगचा गंजलेला जोड साफ करणे, सैल होल्डर बदलणे आणि गरज असल्यास जाड वायर व फ्यूजसह रिले (बॅटरीची वीज थेट बल्बला जोडणारा विजेवर चालणारा स्विच) बसवणे, एवढ्याने तो परत मिळतो. मग दर्जेदार ६०/५५ वॅटचे नवे बल्ब जोडीने बसवावेत, आणि बसवताना बल्बच्या काचेला बोट लावू नये.

प्रश्न : पावसानंतर एका हेडलाइटच्या आत पाण्याचे थेंब जमतात. छिद्र पाडून पाणी काढावे का?

उत्तर : छिद्र पाडू नये; त्यातून धूळ आणि आणखी पाणी आत जाईल. हेडलाइट पूर्ण बंद डबा नसतो, त्याला हवा जाण्याचे मार्ग ठेवलेले असतात, त्यामुळे कोपऱ्यात हलके धुके जमून दिवा लावल्यावर निघून जात असेल तर काळजी नको. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल तर प्रथम मागचे रबरी बूट (बल्बमागचे रबराचे आच्छादन) किंवा झाकण पाहावे. बल्ब बदलल्यानंतर ते नीट न बसणे हे नेहमीचे कारण आहे. ते ठीक असेल तर आवरणाची कडा सुटलेली असते किंवा कोठे तरी तडा असतो. हवेचे मार्ग सिलिकॉनने बुजवू नयेत.

प्रश्न : हेडलाइट घासावेत की नवेच घ्यावेत, हे कसे ठरवावे?

उत्तर : अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत खराब झालेले दिवे नव्याच्या केवळ सुमारे २० टक्के प्रकाश देत होते. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांवर आला, मूळ कंपनीचे दिवे बसवल्यावर पूर्ण मिळाला, तर इतर उत्पादकांच्या दिव्यांनी ८३ ते ९० टक्के दिला. दुरुस्तीने सर्व काही परत मिळत नाही, पण फार मोठा फरक पडतो. तरीही निर्णय रिफ्लेक्टरवर सोपवावा. आवरण स्वच्छ झाल्यावर टॉर्च लावून आत पाहावे : रिफ्लेक्टर आरशासारखा असेल तर जुना दिवा ठेवावा; करपलेला, काळवंडलेला किंवा पापुद्रे सुटलेला असेल तर नवा घ्यावा. त्यावरचा अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की तो पॉलिश करू गेल्यास निघूनच येतो.

काहीही केले तरी शेवटी दिव्याची दिशा जुळवून घ्यावी. गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी, टायरमध्ये योग्य हवा असावी, चालकाच्या जागी एक व्यक्ती बसलेली असावी आणि उंची बदलण्याचे बटण असल्यास शून्यावर ठेवावे. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीवर टेप लावून डिपर सुरू करावा. दिव्याच्या माथ्यावर किंवा जवळच्या स्टिकरवर १ टक्का असे लिहिलेले असेल तर प्रकाशाची वरची कडा टेपच्या १० सेंटीमीटर खाली यायला हवी. दुसरा आकडा असल्यास त्या प्रमाणात. दिव्याच्या मागचा स्क्रू थोडा थोडा फिरवून एका वेळी एकच दिवा जुळवावा आणि दुसरा कापडाने झाकून ठेवावा. मात्र तापलेल्या दिव्यावर ते कापड फार वेळ राहू देऊ नये.