मोडी : बाराखडी झाली, आता कागद

प्रश्न : मोडी या जुन्या मराठी लिपीची बाराखडी पाठ आहे, छापलेला मजकूर वाचता येतो, पण घरातली जुनी खतं (दस्तऐवज) उघडली की ओळच पुढे सरकत नाही. काय चुकतंय?

उत्तर : बाराखडीत अक्षरं सुटी असतात, कागदावर शिरोरेघ पानभर आधीच ओढलेली, आणि तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरं. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत. काना खालून वर जाऊन पुढच्या अक्षराला भिडतो. 'र' तर शेजारी बघून रूप बदलतो. सुरुवातीच्या निम्म्या चुका त्याच्याच. ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका, वेलांटी आणि उकार बहुधा एकाच तऱ्हेचे असतात.

कागदाची दुपटीने मोठी झेरॉक्स काढा. आधी ठरलेले शब्द हुडका : मौजे (गावाच्या नावाआधी येतं), सन, रुपये, गावाचं नाव. त्यांतली अक्षरं हाच त्या कारकुनाच्या वळणाचा तक्ता. मग ओळीखाली देवनागरी लिहा आणि न लागलेल्या अक्षराची जागा मोकळी सोडा. अंदाजाने भरलेलं अक्षर पुढच्या चार शब्दांना घेऊन बुडतं. रकमेत आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण : १२॥। म्हणजे पावणेतेरा रुपये, बाराशे नव्हेत.

प्रश्न : एका पत्रावर 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असं साल आहे. हे कोणतं?

उत्तर : हा शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना. साल अरबी अंकांत, एकंपासून उलटं : इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, म्हणजे 1161. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. पत्र जून ते डिसेंबरमधलं असेल तर 599 मिळवा, त्यानंतरचं असेल तर 600. म्हणजे 1760 किंवा 1761, पानिपताचं वर्ष! गफलत होते ती महिन्यामुळे : पत्रात 'छ' या खुणेपुढे लिहिलेली तारीख हिजरी चांद्र महिन्याची, म्हणून अनेक जण सालही हिजरी धरतात आणि बारा-तेरा वर्षं मागे जातात. महिना जंत्रीत (तारखा जुळवण्याच्या तक्त्यांत) पाहिल्याशिवाय 599 की 600 ते ठरवू नका.

प्रश्न : मोबाइलवर मोडीऐवजी चौकोन दिसतात.

उत्तर : फॉन्ट नाही. मोडी 2014 पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतसंचात, आहे. नोटो सान्स मोडी हा मोफत फॉन्ट संगणकावर टाका आणि मजकूर तिथे वाचा. जुन्या बिगरयुनिकोड फॉन्टात टाइप केलेलं मात्र फाइल दुसरीकडे गेली की भलतंच उमटतं. ते पीडीएफ करूनच पाठवा.