खचलेल्या माणसाने वाचावं असं मराठी आत्मचरित्र कुठलं?

माझं उत्तर एकच, आनंद यादवांचं 'झोंबी'. कागलचा शेतकऱ्याचा पोरगा, शिकायची जबरी हौस, पण बाप म्हणतो शाळा बास, मळ्यात राब, आणि मग तो मार खात, ढोरासारखं काम करत मॅट्रिकपर्यंत कसा पोचतो त्याची ही गोष्ट. पुस्तक १९८७ चं, १९९० ला साहित्य अकादमी मिळालं. पुढे हाच माणूस पुणे विद्यापीठात मराठी शिकवत होता, विचार करा! मी स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा सदाशिव पेठेतल्या कॉटवर पडून वाचलं, मोटिव्हेशनल व्हिडिओंपेक्षा लाख पटीने भारी, कारण यात कोणी उपदेश करत नाही, नुसती भूक आणि हट्ट दिसतो. भाषा रांगडी आहे, पहिली काही पानं जड जातील, सोडू नका.

रडारड नको असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. नवरा धर्म बदलतो, संसार मोडतो, तरी बाई स्वतःवरच हसतात राव. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' पण वाचा, पण मूड फारच डाऊन असेल तर आत्ता नको, नंतर.

दोनचार दुकानं फिरलात तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ही पुस्तकं मिळून जातील.